श्शू म्हटलं की मी ओला

मित्रांनो, आधी हसून घ्या. माझं नाव ऐकलं की सगळेच हसतात, मला सवय आहे. मी एक जुना लंगोट आहे. होय, तोच. तुम्हालाही लहानपणी बांधलेला आणि आता तुम्हाला अजिबात न आठवणारा.

झालं हसून? मग एक अडचण सांगून ठेवतो. मी ओला झालो की मला बोलता येत नाही. मला सोडतात, धुतात, पिळतात, दोरीवर टाकतात, आणि वाळल्यावरच माझी वाचा परत येते. त्यामुळे ही गोष्ट मधेच तुटेल. तुटली की काय झालं ते समजून घ्या.

सुका

लंगोट होण्याआधी मी लुंगी होतो. निळ्या चौकटींची, गास गावातल्या सॅन्टन आजोबांची. ती नेसून आजोबा वाडीत केळीला पाणी सोडत, मोगऱ्याच्या कळ्या खुडत. धुऊन धुऊन ती इतकी मऊ झाली, की फ्लॉसी आजी एक दिवस म्हणाली, "आता ही बाळाच्या कामाची." तिने ती फाडली आणि शिलाई मशीनवर आम्हा भावंडांना शिवलं. तिकोनी, कडेला नाड्या.

संध्याकाळी आजोबा लुंगी शोधत होते.

"दोरीवर बघा," आजी म्हणाली.

आजोबांनी मला दोरीवरून काढून कमरेला लावून पाहिलं. "एवढीशी नेसून वाडीत जाऊ?"

ज्या बाळासाठी मी झालो ते म्हणजे ॲल्रॉय, आजी-आजोबांचा नातू. त्याचे वडील मर्विन आणि आई नताशा. नताशा विज्ञानाची टीचर. ॲल्रॉय झाला तेव्हा तिने शाळा सोडली होती. आता ॲल्रॉय दोन वर्षांचा झाला आणि माणिकपूरच्या एका शाळेने तिला बोलावलं. जूनमध्ये शाळा उघडेल त्या दिवशी हजर व्हायचं. जमणार नसेल तर आधी सांगायचं, म्हणजे दुसऱ्या टीचरला घेता येईल. नताशा घरात चालता चालता धडे म्हणायला लागली. भांडी घासताना ती कुणालातरी प्रकाशाचं परावर्तन समजावत असायची. घरात तिचं ऐकायला फक्त ॲल्रॉय आणि मी.

आजी-आजोबा दिवसभर वाडीत. म्हणून शाळेजवळचं सुहासिनीताईंचं पाळणाघर ठरलं. त्यांची अट एकच, मूल शू सांगणारं हवं. डायपर चालणार नाही.

डायपरचं पाकीट आमच्या घरी होतंच, मर्विनने आणलेलं. माझा त्याच्यावर राग नाही. प्रवासात त्याचा फार उपयोग. पण त्याच्यात मूल ओलं झालं तरी मुलाला पत्ता लागत नाही. मी लगेच ओला होतो, गार पडतो, मांड्यांना चिकटतो. सगळे याला माझा दोष म्हणायचे. नताशा मात्र म्हणाली, "म्हणूनच तर हा हवा. त्याला कळू दे." त्या एका वाक्यासाठी मी तिचा आयुष्यभराचा ऋणी आहे.

शिकवायचं काम आजीने घेतलं. वाडीत जायच्या आधी आणि आल्यावर ती ॲल्रॉयला केळीपाशी न्यायची, माझी गाठ सोडायची, त्याला उकिडवं बसवायची आणि तोंडाने हळू आवाज काढायची, "शूऽऽ". मे महिना सरता सरता जादू झाली. आजीचं पाहून घरातले सगळे तो आवाज काढू लागले. "शूऽऽ" म्हटलं की ॲल्रॉय करायचा. मी दिवसच्या दिवस कोरडा.

"बघ," आजी सुनेला म्हणाली. "मोबाइलात बघून कोन शिकतं का हे? मर्विनला पन मी इथेच शिकवला."

"मम्मी, ते सगळ्यांना नको सांगू," मर्विन म्हणाला.

"का? त्या वर्षी केळीला काय घड लागलेले."

नताशाने सुहासिनीताईंना फोन केला. "आमचा सांगतो आता."

खरं म्हणजे तो सांगत नव्हता. घरचे सांगत होते आणि तो ऐकत होता. हा फरक तेव्हा कुणाच्या लक्षात आला नाही. माझ्याही नाही.

सवय व्हावी म्हणून शाळा उघडायच्या आधीच त्याला पाळणाघरात ठेवायला सुरुवात झाली. सुहासिनीताई मूळच्या कोकणातल्या, बोलणं मऊ. मुलांवर आवाज चढवलेला त्यांना खपत नाही. दुपारी जेवणं झाली, सतरंजी अंथरली. सगळी मुलं आडवी झाली, पण आयुष नावाचा एक मुलगा गाणं म्हणत होता. सुहासिनीताईंनी ओठांवर बोट ठेवलं आणि हळूच म्हणाल्या, "श्शूऽऽ, झोपायचं आता." ॲल्रॉयने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि मी

दोरीवर

वाळलो. कुठवर आलो होतो? हां, सतरंजीपर्यंत.

माझ्यानंतर माझ्या भावाची पाळी आली, मग पुन्हा माझी. दोरीवर आम्ही एकमेकांना सगळं सांगतो. सगळ्यांची हकीकत एकच निघाली. दुपार, बोट, "श्शूऽऽ", आणि पाणी. तेव्हा आम्हाला उलगडा झाला. पण सांगणार कसं? आम्हाला तोंड नाही, नाड्या आहेत.

सुहासिनीताई नताशाला दारातच म्हणाल्या, "टीचर, घरी सांगतो म्हणालात. इथे रोज सतरंजी धुवावी लागते."

"घरी खरंच कोरडा असतो, ताई."

"मी खोटं म्हणत नाही हो. मी त्याला विचारते पण, का रे बाळा सांगितलं नाहीस. तो नुसता उभा राहतो. मला तो नकोसा नाही, गोड आहे. पण बाकीच्यांचे आईबाप मला विचारतात. शाळा उघडेपर्यंत बघू. नाही जमलं तर तुम्ही दुसरी सोय बघा."

घरी येऊन नताशाने दोरीवरचे कपडे काढले. माझी घडी घातली, मोडली, परत घातली.

"जमणार नाही, असं शाळेला कळवून टाकते," ती मर्विनला म्हणाली.

"मी आठवडाभर रजा टाकतो."

"आणि मग?"

आजी दारातून म्हणाली, "त्या बाईला माया नसेल. पोर घाबरत असेल."

"मम्मी, त्या माझ्यापेक्षा गोड बोलतात त्याच्याशी."

मी नताशाच्या मांडीवर होतो. मित्रांनो, घरातल्या एका माणसाचं मोठं काम अडलंय, त्याचं कारण तुम्हाला माहीत आहे, आणि तुम्ही एक कापड आहात. यापेक्षा वाईट काही असेल तर मला माहीत नाही.

रविवारी सगळे चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेला गेले. ॲल्रॉय आजोबांच्या मांडीवर, चड्डीच्या आत मी. फादरचं प्रवचन सुरू होतं. वर तुळईवर एक चिमणी येऊन बसली. ॲल्रॉय ओरडला, "चिऊ." पुन्हा ओरडला. पुढच्या बाकावरच्या क्लेमेंट अंकलनी मागे वळून ओठांवर बोट ठेवलं, "श्शू." मागून एक बाई, "श्शू." शेवटी आजोबाही, "श्शूऽऽ, पोरा." लेकराला तीन बाजूंनी हुकूम आला. त्याने तो इमानाने पाळला, आणि मी

दोरीवर, आजोबांच्या पँटच्या शेजारी

पुढचं मला पँटने सांगितलं. तीही भिजली होती, पण माझ्याइतकी नाही, त्यामुळे तिची वाचा उशिरा गेली.

पँट म्हणाली, नताशाने आधी ओला डाग पाहिला. मग क्लेमेंट अंकलचं बोट पाहिलं, अजून ओठांवरच होतं. मग तिने ओढणी तोंडात धरली आणि तिचे खांदे हलायला लागले. मर्विनला वाटलं, रडतेय. त्याने तिला हाताला धरून बाहेर आणलं, मागोमाग सगळेच आले.

"मम्मी, तो ऐकतोय," नताशा हसत हसतच म्हणाली. "तो सगळ्यांचं ऐकतोय."

आजीला क्षणभर कळेना. मग कळलं. "म्हंजे त्या सुहासिनीबाई रोज दुपारी त्याला कर म्हणतात, आनि तो करतो."

"आणि मग त्यालाच विचारतात, का केलंस."

आजोबा पँट झटकत होते. "लुंगी गेली. आज पँट गेली. पुढच्या रविवारी मी काय नेसून येऊ, ते ठरवा तुम्ही."

त्या दिवसापासून घरात तो आवाज बंद झाला. नताशाने शाळेला नकार कळवला नाही, आणि शाळा उघडेपर्यंत ॲल्रॉयला घरीच ठेवलं. दुसरा शब्द शिकवूया, असं मर्विन म्हणाला. नताशा नको म्हणाली. "त्याला काय वाटतं ते त्याला कळू दे. शब्द त्याचा तो आणेल." आजीला हे फार जड गेलं. ॲल्रॉयला समोर पाहिलं की तिचे ओठ आपोआप गोल व्हायचे, आणि ती ते मिटून घ्यायची. इतक्या वर्षांचा अभिमान तिने नातवासाठी मिटून ठेवला.

आम्ही पुन्हा भराभर ओले होऊ लागलो. आमच्या आयुष्यातला सगळ्यात कामाचा काळ तोच. एकदा ॲल्रॉय अंगणात उभा राहिला, ओल्या लंगोटाला हात लावून म्हणाला, "गार."

"हो रे, गार झालं," नताशा म्हणाली. "चल, कोरडं करू." तिने आधी त्याला पुसलं, नवा लंगोट बांधला, आणि मग त्याच्याशी बोलली.

सुरुवातीला तो भिजल्यावर "गार" म्हणायचा. मग भिजता भिजता म्हणू लागला. भिजायच्या आधी मात्र एकदाही म्हणाला नाही, आणि शाळा उघडायचा दिवस येऊन ठेपला.

सुका

त्या दिवशी मला बांधलं होतं. नताशाने पाळणाघराच्या दारातच सगळं सांगितलं. सुहासिनीताईंनी कपाळाला हात लावला. "म्हणजे मीच रोज त्याला सांगत होते की." मग म्हणाल्या, "तुम्ही जा टीचर. आज मी मुलांना थोपटून झोपवते."

दुपार झाली. बाहेर पाऊस, आत पंखा. ॲल्रॉय ठोकळे टाकून उभा राहिला. "गार."

सुहासिनीताईंनी उठून पंखा बंद केला.

"गार," ॲल्रॉय म्हणाला.

"थंडी वाजते का?" त्यांनी चादर आणली.

"गार," तो पाय आपटत म्हणाला. मी कोरडा ठणठणीत होतो. त्यांनी मला हात लावून पाहिलं, "कोरडा आहेस की रे," असं म्हणाल्या, आणि म्हणता म्हणता थांबल्या. टीचरचं दारातलं बोलणं त्यांना आठवलं, 'गार' म्हणजे शू, आणि आज तो भिजायच्या आधीच सांगत होता. चादर तिथेच टाकली, त्याला उचललं, मोरीत नेलं, माझी गाठ ओढली, आणि मी वेळेत सुटलो.

वाक्य पुरं झालं, मित्रांनो.

शाळा सुटल्यावर नताशा आली. तिने वाकून आधी मला हात लावला. तिच्या हाताला खडूची भुकटी होती. माझ्या निळ्या चौकटींवर तिचा पांढरा पंजा उमटला. मला आजवर मिळालेलं बक्षीस ते एवढंच, आणि ते पहिल्याच धुण्यात गेलं. पण मिळालं होतं.

आता ॲल्रॉय चड्डी घालतो. मी मधे बरेच महिने कपाटाच्या तळाशी पडून होतो, कुणी उघडून पाहिलं नाही. तक्रार नाही. मुलाला आपली गरज उरू नये, हेच तर माझं काम होतं. मग सुहासिनीताईंनी मला मागून घेतलं. त्यांच्या लेकीला, अश्लेषाला, बाळ होणार आहे, आणि नव्या बाळाला पहिलं कापड जुनंच घालतात. ज्यांनी मला नेसलं, फाडलं, शिवलं, पिळलं, उन्हात टाकलं, त्या सगळ्यांचे आभार मानूनच मी पिशवीत बसलो आहे.

जाता जाता एक मागणं. तुमच्या घरात, तुमच्या वर्गात कधी कुणी लहान मूल ओलं होऊन उभं राहील. हसू नका. का केलंस, असं विचारू नका. कदाचित ते कुणाचं तरी ऐकत असेल. आधी त्याला कोरडं करा. मग विचारायचं ते विचारा.