दोन राहीबाई

पट्टीच्या कडेला शाईचा निळा डाग मुरला होता, सात वर्षांचा... आम्रपालीने ती उचलून कपाटात टाकली. रजिस्टरच्या ओळीवर ही पट्टी धरायची, रक्त तपासणाऱ्या यंत्राच्या संगणकावरचे आकडे त्या ओळीत उतरवायचे, तिथून नोंदणीच्या संगणकात, मग डॉक्टरांच्या मोबाइलवर — तीन कंपन्यांचे तीन प्रोग्रॅम, एकाच भिंतीला टेकून बसलेले आणि एकमेकांशी अबोला धरलेले. मधला निरोप्या म्हणजे ती. पाच महिने रविवारी पायथन ही संगणकाची भाषा शिकून तिने ऐंशी ओळींची स्क्रिप्ट लिहिली होती. आजपासून निरोप ती स्क्रिप्टच पोचवणार होती.

"आकडा चुकला तर कुणाला धरायचं गं? त्या पायथनला?" लॅबचे जुने तंत्रज्ञ भाऊसो मागे उभे होते.

"मला धरा," ती म्हणाली. किती सहज म्हणाली!

तिने बटण दाबलं. एकेक रिपोर्ट आपल्या पायांनी चालत निघाला — सोळा गेले, सतरावा अडला. 'या नावाचे दोन रुग्ण आहेत. नळीवरची चिठ्ठी बघा.' राहीबाई.

"थांबलं बघ!"

"थांबलं न्हाई, भाऊसो. मी थांबवलंय."

स्क्रिप्टमधल्या, एकाच नावावर थांबवणाऱ्या याच दोन ओळी तिने सगळ्यांत आधी लिहिल्या होत्या. तीन वर्षांपूर्वी दोन रंगुबाई होत्या... एकीचा आकडा दुसरीच्या नावावर गेला, आणि अंगात जेमतेम रक्त उरलेली ती धनगरीण 'सगळं चांगलं हाय' ऐकून मेंढरांमागे गेली. चौथ्या दिवशी जीपमधून आणली तिला. वाचली. 'यंत्राचा घोटाळा असंल,' असं भाऊसोच म्हणाले होते, आणि आम्रपालीने मान हलवली होती — त्या होकाराचं ओझं अजून मानेवरच होतं.

चिठ्ठीवर गाव नागज लिहिलेलं. तरी ती बाहेर बाकड्यापाशी गेली.

"राहीबाई, गाव कुठलं तुमचं?"

"नागज. का गं बाई, काय झालं?"

"काही न्हाई. तुमचाच रिपोर्ट तुम्हाला मिळावा म्हणून."

"मग दुसऱ्याचा कसा मिळंल?" म्हातारी हसली.

आम्रपालीला हसता आलं नाही. आत येऊन तिने गाव निवडलं. अडलेले रिपोर्ट पुन्हा सुरळीत निघाले. शेवटचाही गेला. भाऊसोंनी चष्मा काढून पुसला.

"लय चोख केलंस पोरी. पण नेमकं इथंच थांबवायचं, हे कसं सुचलं तुला?"

सोपं उत्तर होतं — अनुभवाने. पण ओठांवर दुसरंच आलं होतं, तीन वर्षं दाबलेलं: तो आकडा मी चुकवला होता, यंत्राने नव्हे... आश्चर्य म्हणजे छाती धडधडली नाही. हात मोकळे होते, डोकं लख्ख. आपण हे बोलू शकतो, हे तिला पहिल्यांदाच कळत होतं — फक्त आधी भाऊसोंना सांगावं, की रंगुबाईला शोधून तिच्यासमोर बसावं, एवढंच ठरत नव्हतं.