खिंडीच्या अलीकडे

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी न्हाणीघरातल्या खुंटीवरचा टॉवेल ओढताना त्याच्या आड लटकलेली चांदीची डबी भिंतीवर आपटली, आणि मृत्युंजयच्या लक्षात आलं की ही आपली नाही. आपली आपल्या गळ्यात होती. ही जरा लहान, झाकणाच्या कडेला पोचा आलेली, दोरा धुवून धुवून फिका पडलेला – ही वर्षाराणीची. आणि त्याची बायको या घटकेला हिमाचलातल्या जिस्पा नावाच्या गावाहून सायकलवर निघून बारालाचा खिंडीचा चढ चढत होती, निदान चढायला लागली असावी. काल रात्रीच्या तिच्या निरोपात तेवढंच होतं – उद्या बारालाचा, पुढे फोन लागणार नाही, अव्वांना सांगा.

तो ओल्या अंगाने उभा राहिला. डबी हातात घेतली नाही, नुसती हलायची थांबेपर्यंत बघत राहिला. आत तिचं इष्टलिंग. दीक्षेच्या वेळी गुरूने दिलेलं, रोज डाव्या तळहातावर घेऊन पुजायचं आणि पुन्हा गळ्यात घालायचं. हल्ली बऱ्याच घरांत ते देवघरात ठेवून माणसं कामाला जातात, पण या घरात नाही. या घरात अव्वा, म्हणजे त्याची आई रत्नम्मा, होती. मोतीबिंदूच्या वेळी नर्सने गळ्यातलं काढायला सांगितलं तर ती डबी मुठीत धरून टेबलावर आडवी झाली होती आणि मूठ सोडणार नाही म्हणाली होती. शेवटी डॉक्टरने हसून, राहू द्या, मुठीत डोळा नाही, असं म्हणून काम उरकलं होतं. हरवलं तर गुरूकडे जायचं. आणि शेवटी, माणूस गेल्यावर, बसवलेल्या देहाच्या डाव्या तळहातावर तेच ठेवायचं आणि मग माती लोटायची… म्हणजे वर खिंडीत जर काही…

हा विचार त्याने पुरा केला नाही. दुसरा केला. विसरली की ठेवून गेली?

वर्षाराणी विसरत नसे. पंक्चरची ठिगळं, हाताचे मोजे, सुंठीच्या गोळ्या, फाटलंच तर असू दे म्हणून सुई-दोरा – सगळं तिने पलंगावर मांडून पिशवीत भरलेलं त्याने पाहिलं होतं. म्हणजे ठेवून गेली. आणि या घरातली बाई गळ्यातलं ठेवून घराबाहेर पडते म्हणजे काय, हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती. परत येणारं माणूस ते ठेवून जात नाही.

बाहेरून रत्नम्माने विचारलं, वर्षाचा फोन आला का. तो नाही म्हणाला, लागणार नाही म्हणाला. मग डबी खुंटीवर तशीच, देहाशिवाय, लोंबकळत ठेवणं त्याला जमेना आणि आईच्या नजरेला पडू देणंही जमेना, तेव्हा त्याने ती स्वतःच्या गळ्यात घातली आणि शर्टाची बटणं वरपर्यंत लावली. दुसऱ्याचं लिंग गळ्यात घालत नसतात. हे त्याला बटणं लावताना माहीत होतं.

शिकवणीला जाताना स्कूटरवर, रेल्वेच्या उड्डाणपुलाच्या चढाला, दोन डब्या छातीवर एकमेकींना लागल्या.

हा पूल. लातूरला डोंगर नाही. औशाकडे जा, निलंग्याकडे जा, रस्ता परातीसारखा सपाट आणि समोरून वारा. सोळा हजार फुटांवरच्या खिंडीची तयारी करायची तर चढ आणायचा कुठून? मग नांदेडच्या अश्वजितने – रेल्वेच्या कचेरीत नोकरीला, सहा सायकलवाल्यांच्या या मेळ्याचा म्होरक्या – सांगितलं की पूल आहे ना, पुलावर चढा, उतरा, पुन्हा चढा. गेल्या उन्हाळ्यापासून नवरा-बायको दोघं पहाटे पुलावर. पुलाखालचा चहावाला सुरुवातीला नुसता बघायचा, मग एकदा म्हणाला, “सर, पूल कुठं पळून चालला व्हय? सारखं वर जाऊन बघायलाव.” वर्षाराणी हसून हसून सायकलवरून उतरली होती. तोही हसला होता. तेव्हा दोघांचा चढ सारखाच होता.

मग एकदा कधीतरी – कधी, ते त्याला नेमकं आठवत नाही, आणि नेमकं आठवत नाही हेच त्याला खुपतं – ती वर आधी पोचायला लागली. आधी सायकलच्या लांबीइतकी आधी, मग पुलाच्या अर्ध्या भागाइतकी. चढाच्या पायथ्याशी ती मान न वळवता म्हणायची, “या तुम्ही सावकाश.” आणि वर कठड्याला एक पाय लावून पाणी पीत उभी असायची. त्याच्याकडे बघत नसायची. ती खाली रुळांकडे बघत असायची, मालगाडीचे डबे मोजत असल्यासारखी, आणि तो धापा टाकत पोचला की बाटली पुढे करायची. चेहऱ्यावर काही नसायचं. काही असतं तर बरं झालं असतं.

जूनमध्ये त्याने सांगितलं की नव्या बॅचा सोडून यायला जमणार नाही, तू जा. ती म्हणाली, बरं. दुसऱ्या दिवशी पहाटे ती एकटी पुलावर गेली. मी तिला थांब म्हटलं नव्हतं, जा म्हटलं होतं – हे तो नंतर बऱ्याच जणांना सांगत राहिला, आणि ऐकणारे कौतुकाने मान हलवत राहिले.

पहिला तास घर्षणाचा होता. त्याने फळ्यावर उतार काढला, उतारावर ठोकळा ठेवला, ठोकळ्यावरच्या बलांचे बाण काढले. ठोकळ्याला दम लागत नाही. बारालाचाच्या माथ्यावर हवेचा दाब इथल्या निम्म्याच्या थोडाच वर असतो. हे आकडे त्याला पाठ होते, तिलाही त्यानेच समजावून सांगितले होते, रात्री जेवताना, ताटावर बोटाने रेघ काढून. ती ऐकत होती. मग तिने विचारलं होतं, “पण तिथं थंडी कशी असते? हाडात शिरती का वरवर लागती?” ते त्याला माहीत नव्हतं…

पुढच्या बाकावरची मनतशा हात वर करून उभी राहिली.

“सर, माईकमधून टकटक यायलंय.”

कॉलरला लावलेला माईक छातीवर लोंबत होता. तो हलला की डब्या एकमेकींना लागत होत्या आणि तो आवाज मोठा होऊन भिंतीवरच्या पेट्यांतून सगळ्या वर्गाला ऐकू जात होता.

“सरांचं हृदय हाय ते,” मागून कोणीतरी म्हणालं. “गप बसा, ठोके मोजायचेत.”

वर्ग हसला. तोही हसल्यासारखं करून माईक काढून टेबलावर ठेवून बिनमाईकचा शिकवत राहिला. घसा बसला.

मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत दुसरं कोणी नव्हतं. त्याने डबी बाहेर काढली आणि जे करायचं नसतं ते आणखी एक केलं – झाकण उघडलं. तिला जाऊन आठवडा उलटून गेला होता. आतल्या फडक्याचा तुकडा ओलसर होता. काळ्या गुळगुळीत लिंगावर भस्माची बोटं होती, ताजी, अजून न उडालेली. त्याने झाकण लावलं. थोडा वेळ खिडकीतून खाली दुचाक्यांच्या रांगेकडे बघत बसला. न्हाणीघरातली ती खुंटी त्याची नव्हती, वर्षाराणीचीही नव्हती. सकाळी आंघोळ करून पूजेला बसण्याआधी आणि उठल्यानंतर आई तिथे टॉवेल टाकायची, हे त्याला गेली कित्येक वर्षं माहीत होतं आणि सकाळी सुचलं नव्हतं.

दुपारी तो जेवायला घरी आला. रत्नम्मा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून शेंगा फोडत होती. त्याने डबी गळ्यातून काढून तिच्यासमोर, सुपाच्या कडेला ठेवली. तिने शेंगा फोडायच्या थांबवल्या नाहीत.

“सकाळपासून हुडकायले मी,” ती म्हणाली. “तू गळ्यात घातलंस? दुसऱ्याचं?”

त्याने शर्टाचं वरचं बटण सोडलं.

मग तिने सांगितलं ते असं. जायच्या आदल्या दिवशी वर्षाराणी तिच्याकडे आली. म्हणाली, हँडलवर वाकलं की डबी पुढं येती आणि उतारावर हनुवटीला हाणती. दंडाला बांधून बघितलं तर रक्त थांबून हात बधिर होतो. आणि वरून हिसका बसून दोरा तुटला अन् दरीत पडलं तर कुठं शोधू. रत्नम्माने रात्रभर विचार केला. दरीत पडण्यापेक्षा घरात राहिलेलं बरं, असं तिचं मत पडलं. तू परत येईस्तोवर सकाळ-सांज दोन्हीची पूजा मी करते, असं तिने सुनेला सांगितलं, आणि करत होती. काल संध्याकाळी गुडघा धरला म्हणून पूजेनंतर शेकायला न्हाणीघरात गेली, तेव्हा डबी खुंटीला अडकवली ती तिथंच राहिली. एवढंच.

एवढंच होतं. सकाळपासून त्याने उभं केलेलं सगळं – ठेवून गेली म्हणजे सोडून गेली – सुपातल्या फोलांसारखं हलकं होतं. त्याला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तो वाट बघत राहिला, तसं वाटलं नाही.

“मला का नाही सांगितलं?”

रत्नम्माने आता हात थांबवले. त्याच्याकडे बघितलं. लहानपणी ताप आला की कपाळाला हात लावायच्या आधी बघायची तसं.

“तू न्हाई म्हणला नसतास, जया,” ती म्हणाली. “तू हो म्हणला असतास. अन् तसं तोंड करून बसला असतास.”

“कसं तोंड?”

“आता हाय तसं.”

तिने सूप पाखडलं. त्याने भाकरी वाढून घेतली, जेवला, ताट विसळलं. मग दुपारच्या बॅचला गेला आणि तोच ठोकळा, तेच बाण पुन्हा काढले. मुलं लिहून घेत होती. त्याला एकसारखं एकच सुचत होतं, की दोघी बायका रात्री स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलल्या असतील, दिवा असेल, आणि त्या बोलण्यात आपलं नाव कधी आलं असेल – सुरुवातीला, की अगदी शेवटी, उठताना, दार लावण्याच्या आठवणीसारखं… आणि वर ती आत्ता कुठल्या वळणावर असेल ते त्याला दिसत नव्हतं. सकाळी दिसत होतं. सकाळी तो तिला चढताना स्पष्ट बघत होता, कारण सकाळी ती त्याला सोडून चालली होती. आता ती नुसती चढत होती.

संध्याकाळी घरी आला तेव्हा रत्नम्मा पूजेला बसली होती. आधी तिचं लिंग डाव्या तळहातावर, पाणी, भस्म, बेलाचं पान. मग ते गळ्यात. मग सुनेचं. तेवढंच पाणी, तेवढंच भस्म, तेवढाच वेळ डोळे मिटलेले. तो दाराशी उभा राहून बघत होता. तिने त्याला आत बोलावलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही.

सव्वासातला फोन वाजला. नांदेडहून अश्वजितची बहीण बोलत होती. सामानाच्या गाडीच्या चालकाने खिंडीपलीकडच्या एका ढाब्यावरच्या उपग्रह फोनवरून निरोप दिला होता. वर दुपारपासून बर्फ पडतंय. सहातले चौघे माथा ओलांडून मुक्कामाला उतरले आहेत. दोघे यायचे आहेत. नावं सांगायच्या आत फोन तुटला. ती म्हणाली, भाऊ तर सगळ्यांच्या मागंच राहतो नेहमी. मृत्युंजयने तिला सांगितलं की काही कळलं तर कळवतो, तुम्हीही कळवा.

“आपली त्यात हाय का?” रत्नम्माने विचारलं.

“नावं नाही सांगितली.”

ती भिंतीला टेकून बसली, पाय लांब केले, दुखरा गुडघा दोन्ही हातांनी धरला. तो तिच्या शेजारी जमिनीवर बसला. बऱ्याच दिवसांत असा बसला नव्हता. छातीवर आता एकच डबी होती आणि ती जड लागत होती, म्हणजे ती नेहमीच तेवढी असणार. भीती होती, पण तिच्यात सकाळची ती कडू खात्री नव्हती. सकाळी त्याला सगळं माहीत होतं, आणि आता थंडी हाडात शिरते की वरवर लागते एवढंदेखील माहीत नव्हतं. विचारायला हवं. आली की आधी तेच विचारायचं, असं त्याने ठरवलं, आणि मग त्या ‘आली की’वर त्याचं मन अडून राहिलं, पुढे सरकेना.

“गुडघा चोळू का, अव्वा?”

“चोळ.”

पावणेआठला नांदेडहून पुन्हा फोन आला. ढाब्याचा नंबर लागत नव्हता. चौघे पलीकडे उतरले होते. दोघे अजून अलीकडे होते.