आठवड्याची वाटणी

“एकदा पाऊल पुढे टाकलं, की माणसानं मागे वळून पाहू नये,” धक्क्यावर उतरता उतरता मोजणीदारांनी जाहीर केलं, आणि त्याच क्षणी त्यांच्या लक्षात आलं की आपली बॅग लाँचमध्येच राहिली आहे.

हे वाक्य ऐकायला समोर एकटा बॅटरीच्या गाडीचा चालक होता. रिसॉर्टच्या पाहुण्यांना धक्क्यापासून खोलीपर्यंत नेऊन सोडणं हे त्याचं काम. गेली अकरा वर्षं, वर्षातल्या एका ठरावीक बुधवारी, दुपारी बारा वाजता तो हे वाक्य ऐकत आला होता. वाक्यात कधी फरक पडला नव्हता. बॅग मात्र आजवर कधी राहिली नव्हती.

“आणू का काका?”

“नको. माझी मी आणीन.”

मान न वळवता मागे जायचं तर उलटं चालावं लागतं. मोजणीदारांनी तेही चार पावलं करून पाहिलं. पण धक्क्याला कठडा नव्हता आणि त्यांना पोहता येत नव्हतं. शेवटी वळावं लागलं.

लाँचच्या मागच्या अंगाला पत्र्याची शेड होती. परत जाणारे पाहुणे तिथे सावलीला उभे राहत. आज तिथे उन्हानं भाजून निघालेलं एक नवं जोडपं होतं आणि रिकामे क्रेट मोजणारा एक माणूस होता. निळी छत्री नव्हती.

मोजणीदारांनी शेडचा कोपरा न् कोपरा पाहिला. पुन्हा एकदा पाहिला. मग बॅग उचलून ते गाडीकडे आले, तेव्हा त्यांच्या चालीतली दहा वर्षं कमी झाली होती.

निळ्या छत्रीखाली दर वर्षी उभी असे ती त्यांची पूर्वाश्रमीची बायको.

हा सगळा घोळ टाइमशेअरचा. एका खोलीचे बावन्न मालक, प्रत्येकाला वर्षातला एक आठवडा, तोही हयातभरासाठी. तीस वर्षांपूर्वी फुकट जेवणाच्या आमिषानं दोघं एका हॉटेलातल्या भाषणाला गेली आणि दीड तासानं सतराव्या आठवड्याची मालक होऊन बाहेर पडली. “आपण हो का म्हणालो?” तिनं जिन्यात विचारलं होतं. “बाहेर ऊन फार होतं,” मोजणीदारांनी सांगितलं होतं, आणि ती खूप हसली होती.

पुढे लग्न मोडलं. भांडण म्हणावं असं काही झालं नाही. घटस्फोट इतका शिस्तीत पार पडला, की दोन्हीकडच्या वकिलांना चुकल्याचुकल्यासारखं वाटलं. मोजणीदारांनी जन्मभर लोकांच्या जमिनी मोजल्या होत्या, भावाभावांच्या मध्ये चुन्याच्या रेघा ओढल्या होत्या. त्यांनी घरातलं सगळं, अगदी चमच्यांपर्यंत, चोख वाटलं. “संसार यथातथाच केलात, पण वाटणी दृष्ट लागण्यासारखी केलीत हो,” एवढंच ती म्हणाली.

अडला तो हा आठवडा. एक वर्ष त्यांनी घ्यावा, एक वर्ष तिनं, असं वकील म्हणाले, तर दोघंही एकदम “नाही” म्हणाली. का, ते दोघांनीही सांगितलं नाही. मग मोजणीदारांनी इथेही रेघ ओढली. शनिवारपासून बुधवारी दुपारी बारापर्यंत तिचा, तिथून पुढच्या शनिवारपर्यंत त्यांचा. ज्या लाँचनं ते येत, त्याच लाँचनं ती परत जाई. मध्ये फार तर पन्नास पावलं. पहिल्या वर्षी चालक आपणहून म्हणाला होता, “मॅडम तिथे निळी छत्री घेऊन उभ्या आहेत.” “असतील,” असं म्हणून मोजणीदार गाडीत बसले होते, आणि मागे वळून पाहण्याबद्दलचं आपलं मत त्यांनी तेव्हा प्रथम मांडलं होतं.

बोलणं नव्हतं, पण चिठ्ठ्या होत्या. निघण्यापूर्वी ती फ्रिजच्या दारावर, माशाच्या आकाराच्या लोहचुंबकाखाली, एक कागद लावून जाई. “गीझरला वेळ लागतो. तीन अंडी आहेत. खिडकीची कडी जपून लावणे. साखर भरली आहे, झाकण सैल केले आहे.” खाली सही नाही, वर मायना नाही. झाकणाचं वाक्य मात्र अकराही वर्षं होतं. तो डबा जुन्या घरातला. दोन नव्हते म्हणून त्याची वाटणी झाली नाही आणि तो इथल्या कपाटात आला. तो घट्ट लावणारे मोजणीदार, उघडू शकणारी फक्त ती.

खोलीतलं हे कपाट सतराव्या आठवड्याच्या मालकांचं. कुलूप एक, किल्ल्या दोन. मोजणीदार शनिवारी निघताना त्यात उत्तर ठेवत, आणि ती ते पुढच्या वर्षीच्या शनिवारी वाचे. “कडी दुरुस्त करून घेतली आहे. अंडी चांगली होती.” अंडी चांगली होती हे तिला कळायला वर्ष लागे, पण दोघांपैकी कुणाची तक्रार नव्हती.

गेल्या वर्षी मोजणीदारांनी सहा कागद फाडले आणि सातव्यावर लिहिलं, “पुढील वर्षी बुधवारी बाराऐवजी तीनच्या लाँचने गेल्यास हरकत नाही. चहा केला जाईल.” मग तो कागद त्यांनी लिफाफ्यात घातला. आजवर अंड्यांना आणि कड्यांना लिफाफा लागला नव्हता. तो साखरेच्या डब्याला टेकवून त्यांनी कपाटाला कुलूप लावलं, आणि त्यानंतरचं एक वर्ष कसं गेलं हे त्यांना कुणी विचारलं असतं तर “जातंय” असं त्यांनी सांगितलं असतं.

आणि आज शेडमध्ये छत्री नव्हती. म्हणजे ती बाराच्या लाँचनं जाणार नव्हती.

“काका, यंदा मॅडम...” गाडी सुरू करता करता चालकानं तोंड उघडलं.

“माहीत आहे,” मोजणीदार म्हणाले.

“माहीत आहे तुम्हाला?”

“मीच सुचवलं होतं तसं.”

चालकानं त्यांच्याकडे नीट पाहिलं. “बरं,” म्हणाला, आणि नारळाच्या झाडांमधल्या त्या अरुंद रस्त्यावर गाडी नेहमीपेक्षा हळू हाकू लागला.

“जरा हात उचल की. प्रेतयात्रा आहे का?”

“शर्ट नवा दिसतोय काका.”

“जुनाच आहे. इस्त्री नवी आहे.”

कॉलरच्या मागे मापाचा गोल कागद अजून चिकटलेला होता. चालकाला तो दिसला. एरवी त्यानं चार विनोद केले असते. आज त्यानं फक्त बॅग उतरवून दिली आणि न विचारताच पायरीपर्यंत नेऊन ठेवली.

खिशात किल्ली असताना मोजणीदारांनी स्वतःच्या खोलीचं दार वाजवलं. थांबले. केसांवरून हात फिरवला. पुन्हा वाजवलं, आणि आतल्या माणसाची धांदल होऊ नये म्हणून मोठ्यानं खाकरले. मग किल्ली लावली.

पलंगावर हंस होते. पाहुणे येण्यापूर्वी टॉवेलांना पीळ घालून, माना वाकवून हंस करून ठेवायचे, ही रिसॉर्टची पद्धत. रजिस्टरात माणसं दोन म्हणून हंस दोन, चोचीला चोच लावलेले. दर बुधवारी मोजणीदारांना त्यातला एकच मिळे. दुसऱ्याची तोवर आंघोळ झालेली असे. उरलेल्याचं तोंड ती भिंतीकडे करून ठेवी.

आज दोन्ही होते. चोचीला चोच तशीच.

“मी आलोय,” मोजणीदार बाथरूमच्या दिशेनं म्हणाले. बाथरूमचं दार सताड उघडं होतं.

फ्रिजच्या दारावर मासा होता. त्याच्याखाली काही नव्हतं. त्यांनी मासा काढून त्याच्या मागेही पाहिलं. मग कपाट उघडलं. आत तवा, विजेरी, कपडे वाळत घालायची दोरी, साखरेचा डबा, आणि डब्याला टेकवलेला लिफाफा, त्यांनी टेकवला होता तसाच. वर्षभराच्या दमट हवेनं त्याचा डिंक पक्का धरला होता.

मोजणीदार रिसेप्शनला गेले, तर काउंटरवरच्या बाईंना ते येणार हे माहीत असावं. कागद तयारच होते.

“सर, मॅडमनी हा फॉर्म पोस्टानं पाठवलाय. दोन महिने झाले. त्यांचा अर्धा आठवडा त्यांनी तुमच्या नावे केलाय. सोबत कपाटाची किल्लीपण आहे. तुमची फक्त इथे सही. आता पूर्ण आठवडा तुमचा.” आणि प्रशिक्षणात शिकवलेलं शेवटी आठवून त्या म्हणाल्या, “अभिनंदन.”

मोजणीदारांनी चष्मा लावला. अक्षर तिचं होतं. “कारण” या रकान्यात लिहिलं होतं, “प्रवास झेपत नाही.”

चाळीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी असे हजारो रकाने तपासले होते. त्यात खरं कारण लिहिणारा माणूस त्यांना एकही भेटला नव्हता. त्यांनी ते वाक्य दोनदा वाचलं, मान हलवली आणि सही केली. रेघेच्या आत, नेहमीसारखी.

“पूर्ण आठवड्याचं मी करू काय?”

“पहिले तीन-चार दिवस आराम करा ना सर.”

“आणि नंतरचे?”

“नंतरचे तुम्ही नेहमी करता तेच.” मग बाईंनी आवाज उतरवला. “सर, कॉलरला कागद राहिलाय.”

मोजणीदारांनी तो काढला. कुठे टाकावा ते न कळून खिशात ठेवला.

खोलीत येऊन त्यांनी चहाचं आधण ठेवलं. कपानं पाणी मोजून घातलं तेव्हा दोन कप पडले. लक्षात आलं, पण काढून घ्यायला काही हात होईना. मग कपाटातून लिफाफा काढून उशीवर ठेवला आणि डबा घेतला. आत गेल्या वर्षीची उरलेली साखर होती, हलवला की एकच ढेकूळ आपटल्यासारखा आवाज यायचा. झाकण हलेना. त्यांनी डबा गुडघ्यांत धरून पाहिला, टॉवेलानं धरून पाहिला. त्यापायी एक हंस उलगडला. झाकण तिथल्या तिथेच. तेवढ्यात पलंगाशेजारचा फोन वाजला.

“हॅलो. मी बोलतेय.”

मोजणीदार पलंगावर बसले.

“हो.”

“सही झाली म्हणे. काउंटरवरून कळवलं आत्ता.”

“झाली.”

“आवाज बसलाय तुमचा.”

“खारी हवा.”

“अकरा वर्षं झाली, अजून खारीच आहे का.”

पलीकडे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. ती होऊन गेल्यावर ती म्हणाली, “गुडघा फार धरतो हो हल्ली. लाँचमध्ये चढायचं तर दोघांनी धरावं लागतं. लोक खोळंबतात.”

“म्हणजे खरंच प्रवास झेपत नाही?”

“मग? तुम्हाला काय वाटलं?”

मोजणीदारांनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

“गेल्या वर्षीच कळलं मला,” ती म्हणाली. “त्या शेडमध्ये तासभर उभी होते. नंतर पाऊल उचलेना.”

“लाँच बाराला येते. तासभर कशाला?”

मोजणीदारांना फक्त तिचा श्वास ऐकू येत होता, आणि इकडे आधणाला फुटू लागलेली उकळी.

“आज मी वळून पाहिलं,” ते म्हणाले.

“का?”

“बॅग राहिली होती.”

ती हसली. जिन्यात हसली होती तशीच, पण थोडक्यात.

“बरं, माझं काही राहिलंय का कपाटात? पाहिलंत?”

लिफाफा उशीवर होता, उरलेल्या हंसाच्या पुढ्यात. मोजणीदारांनी तो उलटा करून ठेवला.

“नाही. तुझं काही नाही. डबा आहे.”

“तो राहू दे तुम्हालाच. तब्येतीला जपा. ठेवू?”

“थांब.”

ती थांबली. सांगण्यासारखं खूप होतं, फाडलेल्या सहा कागदांवर ते लिहूनही झालं होतं. मोजणीदारांनी रिसीव्हर खांद्यात धरला, डबा मांडीवर घेतला आणि झाकणाभोवती बोटं फिरवली, एकदा, दोनदा.

“झाकण निघत नाहीये,” ते म्हणाले. “कुठून धरायचं, तेवढं सांग.”