पाक विग्न्योंचा कॉम्प्युटर कोण उठवतो?

"पुढच्यांनी खाली बसा! आत्म्याला वाट द्या!" मांत्रिक म्बाह सुरोंचा जावई गुनार्तो ओरडला, तशी गर्दी चटयांवर दाटीवाटीने बसली. ज्यांना आत जागा मिळाली नाही ते खिडक्यांना लटकले. जावातल्या सोलो शहराच्या त्या गल्लीत हल्ली तिसऱ्या प्रहरची नमाज आटोपली की सगळ्यांची पावलं हार्तातीच्या घराकडे वळत.

टेबलावर तिच्या दिवंगत नवऱ्याचा, गल्ली ज्यांना आदराने पाक म्हणे त्या विग्न्योंचा, कॉम्प्युटर होता. पडदा काळाठिक्कर. पुढ्यात मोगऱ्याची फुलं आणि धूप. डोक्याला बाटिकचं फडकं गुंडाळलेले, साऱ्या गल्लीचे म्बाह म्हणजे आजोबा असलेले सुरो डोळे मिटून झुलायला लागले.

"विग्न्यो, ऊठ रे बाबा! सात आकाशं ओलांडून ये! वाऱ्यावर बसून ये!"

आणि यंत्र गुरगुरलं! कुणी बोटसुद्धा लावलं नव्हतं. पडदा उजळला, आणि पाक विग्न्योंचा थरथरता आवाज क्रोंचोंग चालीचं जुनं गाणं गाऊ लागला. बायकांनी तोंडाला ओढण्या लावल्या. हार्ताती तर ओक्साबोक्शी रडत होती.

मागे भिंतीला टेकून बसलेली सुदार्मी मात्र रडली नाही. ती हार्तातीची थोरली बहीण, मुलींच्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेली. सेमारांगहून ती सकाळीच आली होती, आणि भुतापेक्षा तिला बहिणीच्या पायावरच्या पट्टीची धास्ती वाटत होती. पट्टीच्या कडेने जखम काळवंडलेली दिसत होती.

"म्बाह, काय म्हणतात ते?" हार्तातीने हुंदका आवरत विचारलं.

"म्हणतात, सुया टोचून घेऊ नकोस. म्बाहंनी मंतरलेलं फुलांचं पाणी पी, रक्तातली साखर आपोआप उतरेल. आणि ही खोली म्बाहंच्या बैठकीला कायमची दे."

"मेल्यावर भलताच बोलका झाला!" सुदार्मी पुटपुटली. "जिवंतपणी भात हवा की नको तेही धड सांगत नसे."

गर्दी पांगल्यावर तिने बहिणीला स्वयंपाकघरात गाठलं. "ताती, इन्सुलिन कधीपासून बंद आहे?"

"ताई, तू सुरू करू नकोस. आवाज त्यांचाच होता ना?"

"त्यांचाच. पण यंत्र उठवतं कोण? त्याला हात कुणी लावला होता?"

"गुनार्तोने. बिघडला होता, त्या बिचाऱ्याने फुकटात दुरुस्त केला. वायफायचंही तोच बघतो."

"बिचारा!" सुदार्मी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हार्ताती बाजारात गेली, तेव्हा सुदार्मी चष्मा सावरत टेबलामागे वाकली. यंत्र बंद, पण मागे जिथे नेटची वायर खुपसली होती तिथे हिरवा दिवा मिचमिचत होता. बंद यंत्रात हे जागं काय आहे? मग तिने कॉम्प्युटर लावून त्याच्या सगळ्या सेटिंग पालथ्या घातल्या, फोनवर एक छोटं ॲप घेतलं, यंत्र पुन्हा बंद केलं आणि अंगणात जाऊन बटण दाबलं. आत पाक विग्न्यो गायला लागले.

बहिणीला लगेच सांगावं असं फार वाटलं. पण एकटीला सांगितलं तर ती म्बाहंना विचारायला धावणार आणि ते दुपारपर्यंत काहीतरी उत्तर जुळवणार. तिने जीभ आवरली.

दुपारी म्बाहंनी डोळे मिटताच ती उठली. "आज मी हाक मारू?"

"बाई, त्याला तपश्चर्या लागते!"

सुदार्मीने बशीतला सोयाबीनच्या तेंपेचा तळलेला तुकडा उचलून वर धरला. "हे तेंपेच्या आत्म्या! कढईतून ऊठ, तेल निथळत ये!" दुसऱ्या हाताने तिने फोनवर अंगठा टेकवला.

यंत्र गुरगुरलं. पाक विग्न्यो गाऊ लागले. कोपऱ्यातून कुणीतरी फिसकन हसलं आणि खोलीभर हसू पसरलं.

"आत्मा कोपेल!" म्बाह गरजले.

"कोपलेला बोलवा, चालेल." तिने यंत्र बंद केलं, नेटची वायर उपटली. "हं, मारा हाक."

म्बाहंनी घसा ताणून ताणून हाका मारल्या. खिशातल्या खिशात फोन दाबून गुनार्तोला घाम फुटला. पडदा काळाच.

"स्वर्गातून येणाऱ्याला वायर लागते होय?" सुदार्मी सगळ्यांकडे वळली. "ऐका. कॉम्प्युटर झोपतो, पण वीज असेल तर त्याचा एक कान जागा राहू शकतो. घरातल्याच वायफायवरून त्याच्या क्रमांकाचा इशारा पाठवला की तो उठतो. कचेऱ्यांत हे रोज चालतं. उठल्यावर विग्न्योंनी जिवंतपणी त्यात भरून ठेवलेलं गाणं लागावं ही सोय गुनार्तोने केली. आणि इंजिनिअरांनी त्या इशाऱ्याचं नावच ठेवलंय मॅजिक पॅकेट, म्हणजे जादूची पुडी! पण त्यांनी ती औषध म्हणून कुणाला पाजली नाही."

पावित्र्य भंगल्याचं सांगत म्बाह चपला शोधू लागले. सासरा-जावई स्कूटरवरून गेले ते पुन्हा गल्लीत फिरकले नाहीत.

हार्ताती मात्र बहिणीवरच चिडली. "एवढा एक आवाज उरला होता गं मला!"

"तो तुझाच आहे, ताती. बटण दाब आणि ऐक. मध्ये दलाल कशाला?" सुदार्मीने तिला जवळ घेतलं. "पण आधी दवाखान्यात चल."

डॉक्टरांनी पाय वाचवला, करंगळी गेली. पुढे गल्लीत कुणी नव्या बाबाचं कौतुक सांगू लागलं की हार्ताती चप्पल काढून पाऊल पुढे करायची आणि म्हणायची, "नवल वाटलं तर खुशाल वाटू द्या. पण ते कसं घडलं हे विचारा, आणि विचारू न देणाऱ्याच्या सांगण्यावरून औषध सोडू नका. मी विचारायला उशीर केला."