सूनबाईने घर आवरलं

माझी सून फार चांगल्या वळणाची आहे. त्या सकाळी तिच्या चांगल्या वळणापायीच माझं घर माझ्या हातून जाता जाता राहिलं.

मुळापासून सांगते. मला दिसत नाही. काचबिंदूने आधी कडा खाल्ल्या, मग मधलंही खाल्लं. आता खिडकी कुठे आहे तेवढं उजेडावरून कळतं. लोकांना हे सांगितलं की ते माझ्याशी मोठमोठ्याने बोलायला लागतात, जसे काही माझे कानच गेलेत. कान ठणठणीत आहेत. जीभ तर विचारूच नका. जन्मभर शिवणकाम केलं, स्वतःचं दुकान चालवलं, त्यावर मुलगा वाढवला आणि ही दोन खोल्यांची जागा घेतली. डोळे गेल्यावर दुकान बंद केलं, पण बोटं अजून माझ्याकडेच आहेत.

एकटी राहते आणि मजेत राहते. त्याची एक रीत आहे. माझ्या घरात दार एक तर भिंतीला टेकलेलं असतं, नाही तर कडी लावून बंद. अर्धवट उघडं दार हा माझा वैरी, कारण पुढे केलेल्या दोन हातांच्या मधून ते बरोबर कपाळावर येतं. खुर्ची टेबलाच्या आत ढकललेली नसते, भिंतीला पाठ लावून असते. आणि फडताळातल्या प्रत्येक डब्याच्या गळ्यात दोऱ्यात ओवलेलं एक बटण असतं. चार भोकांचं मोठं, कोटाचं, ते साखरेचं. कापडाने मढवलेलं ते मिठाचं. चहापत्तीला धातूचं, गार लागणारं. जन्मभर बटणं लावली, आता बटणं मला सांगतात.

चिरंजीव दुसऱ्या शहरात असतात. रोज संध्याकाळी फोन करून उंटावरून शेळ्या हाकतात. गॅस बंद केलास का, जिना उतरलीस का, कशाला उतरलीस. आणि शेवटी एकच पालुपद, "आई, आता पुरे झालं. ती जागा काढून टाकू, तू आमच्याकडे ये."

त्याचं घर वाईट नाही. तिथे मला पाणीसुद्धा हातात मिळतं. पण तिथे मी दिवसभर खुर्चीत बसून असते, आणि खुर्चीतून उठले की दोघं एकदम ओरडतात, "काय हवंय?" मला उठायचं हवं असतं. हे त्यांना कसं सांगणार?

शेवटी आमचं ठरलं. ती दोघं माझ्याकडे येऊन दोन रात्री राहतील आणि बघतील. "तुझं खरंच नीट चाललंय असं मला दिसलं तर परत हा विषय काढणार नाही," तो म्हणाला, "पण नाही दिसलं तर सामान बांधायचं. कबूल?"

"कबूल," मी म्हटलं. शब्द दिला की दिला.

आणि सांगायला काय हरकत आहे, मी नुसती बाजी मारली. सकाळी अंडी केली, एकाचंही पिवळं फुटलं नाही. त्याच्या कोटाच्या खिशाचं अस्तर उसवलं होतं, ते गप्पा मारता मारता शिवून दिलं. दूध आणायला खाली गेले तर हा मागोमाग चोरपावलांनी येत होता. बूट करकरत होते बिचाऱ्याचे. दुकानाच्या दारात मी वळून म्हटलं, "आलाच आहेस तर पिशवी धर." सूनबाई ते ऐकून पोट धरधरून हसली. हातच्या कंकणाला आरसा कशाला, असं माझं झालं होतं.

शेवटच्या दिवशी त्यांना दुपारची गाडी होती. सकाळी मी आंघोळीला गेले ती गाणं म्हणतच. जिंकले होते ना.

आता सूनबाईची गोष्ट. तिच्या आईने तिला लहानपणापासून शिकवलंय की कुणाकडे राहिलं तर निघताना त्यांच्यामागे काम ठेवून जायचं नाही. अंथरुणं घडी करायची, खोली झाडायची, भांडी घासून जागच्या जागी लावायची, घर होतं त्याहून नीट करून मग चपला घालायच्या. उत्तम शिकवण आहे. मीही माझ्या मुलाला हेच शिकवलं होतं, मिसरूड फुटायच्या आत तो विसरला. ही विसरली नाही. मी आंघोळ करत होते तेवढ्यात तिने पदर खोचला आणि माझं घर आवरून टाकलं.

बाहेर आले तर फरशी ओली लागली. मनात म्हटलं, पुसून काढली वाटतं, पोर गुणाची आहे. त्याच कौतुकात पुढे गेले आणि स्वयंपाकघराचं दार सणकन कपाळात बसलं. दारामागचा केर काढायला तिने ते भिंतीपासून ओढलं होतं आणि तसंच ठेवलं होतं.

"आई!" चिरंजीव धावले.

"काही नाही, काही नाही," मी म्हटलं. डोक्यात घंटा वाजत होत्या. "बसा, निघण्याआधी चहा करते."

सूनबाईने लगबगीने पातेलं चढवून गॅस पेटवून दिला. मी फडताळात हात घातला तर डबे धुतलेले, कोरडे, गळ्यात काही नाही. तिथेच थांबून एकेकाचा वास घ्यायला हवा होता, चव बघायला हवी होती, पण चिरंजीव माझ्याकडे बघत उभे होते आणि मी ताठ्यात. चहापत्तीचा वास आपोआप आला, पण साखरेच्या जागी जो डबा लागला त्यातलं दोन चमचे घातलं. चहा झाला, कप दिले. सूनबाई प्यायली, चकार शब्द काढला नाही. म्हटलं ना, वळण चांगलं आहे. चिरंजीवांनी एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"आई, हा खारट आहे."

मग तो खूप हळू आवाजात म्हणाला, "कपाळाला टेंगूळ आलंय तुझ्या. आपलं ठरलं होतं ना? मी बॅगा काढतो माळ्यावरून."

खोटं कशाला बोलू, मी घाबरले. डोळे गेले तेव्हाही इतकी घाबरले नव्हते, कारण तेव्हा घर होतं. आणि घाबरले की मला राग येतो.

"फडताळाला हात कुणी लावला?"

"मी," सूनबाईचा आवाज रडवेला झाला. "आई, मी फक्त आवरलं हो, निघायचं म्हणून. त्या डब्यांना चिकट दोरे होते, मला वाटलं असेच कुठून गुंडाळले गेलेत. बटणं टाकली नाहीत मी, वाटीत ठेवलीत. डबे पण धुऊन उंचीप्रमाणे लावले, छान दिसावेत म्हणून."

छान दिसावेत म्हणून! माझ्या फडताळात!

"बघ, तिने केलं हे," मी मुलाला म्हटलं. "माझं काही चुकलेलं नाही."

"नाहीच चुकलं," तो म्हणाला. "पण आई, आज हिने आवरलं, उद्या गॅस दुरुस्त करायला आलेला माणूस दार अर्धं ठेवेल, परवा शेजारीण डबा घासून उलटा ठेवेल. तू सगळ्या जगाला सांगत फिरणार आहेस का, माझं काही हलवू नका म्हणून? आज मीठ पडलं. उद्या काय पडेल?"

वकील मी जन्माला घातला नव्हता, पण मुद्दा बिनतोड होता. घर जागच्या जागी असेल तर मी राहू शकते, हे मी दोन दिवस दाखवलं होतं. हललेल्या घरात राहू शकते का, ते मलाही नीट माहीत नव्हतं.

"बरोबर बोललास," मी म्हटलं. "आता दोघं भिंतीशी बसा. उठायचं नाही, हात द्यायचा नाही, घसा खाकरूनसुद्धा काही सांगायचं नाही. चहा परत करते."

आधी दार शोधलं आणि भिंतीला नेऊन टेकवलं. मग ओट्याच्या कडेने हाताची पालथी बाजू सरकवत निघाले, म्हणजे काही उभं असलं तर धक्का लागून पडत नाही. पायाला बादली लागली, ती मोरीत नेली. पहिलं पातेलं खारट, दुसरं खुंटीवर नव्हतं, खालच्या कप्प्यात ताटांमागे निघालं. गॅसचा लायटर चमच्यांत जाऊन बसला होता. "वाटी दे बटणांची," मी म्हटलं, तेवढी मात्र मागितली, कारण ती कुठे ठेवली ते तिलाच ठाऊक.

मग एकेक डबा उघडला. पहिला नाकाशी धरला, चहापत्ती. तिथल्या तिथे धातूचं बटण गळ्यात बांधलं. दुसऱ्यातला दाणा जिभेवर ठेवला, मीठ. तिसरी साखर. चौथ्याचं झाकण सैल केलं आणि नाकाने लगेच मागे ओढलं. कपडे धुण्याची पावडर! डबा सारख्याच घाटाचा म्हणून सूनबाईने मोरीतून आणून रांगेत बसवला होता. मागे कुणाचा तरी श्वास अडकलेला ऐकू आला. मी डबा उचलून मोरीत ठेवला आणि हात धुतले.

वेळ लागला. खूप लागला. एकदा पातेल्याच्या काठाला बोट भाजलं, तेव्हा खुर्ची करकरली. "बस खाली," मी मागे न वळता म्हटलं. खुर्ची परत करकरली. दूध वर येताना आवाज बदलतो, तो ऐकला आणि गॅस बारीक केला.

या वेळी चहा फक्कड झाला होता. चिरंजीवांनी कप रिकामा केला.

"आता पाहुण्यांनी आवरून निघायचं," मी म्हटलं. "आमच्याकडची रीत वेगळी आहे. सगळं होतं तसं करून ठेवा."

लागली दोघं कामाला, आणि काय सांगू, चार डोळ्यांना एक गोष्ट आठवेना. "ही खुर्ची इथे होती." "नाही हो, खिडकीपाशी होती." "चिमटा कुठे होता, आई?" दोन दिवस डोळे फाडून माझ्याकडे बघत होती ना, घराकडे बघायचं राहूनच गेलं. मी बसून सांगत गेले, डावीकडे, त्याच्या खाली, अजून आत. सूनबाई प्रत्येक वस्तू ठेवताना मोठ्याने म्हणत होती, पाठ करत होती बिचारी. माझा तिच्यावरचा राग तेव्हाच गेला.

मुलगा माझ्याजवळ येऊन बसला. "आई, संध्याकाळी तू फोन लवकर उचलला नाहीस ना, की मला काही सुचत नाही. मला भीती वाटते गं."

"वाटणारच," मी त्याचा हात हातात घेतला. "तू एकटा रस्ता ओलांडून शाळेत जायला लागलास, तेव्हा मी शिवण टाकून खिडकीत उभी राहायचे. जीव नुसता कासावीस व्हायचा. पण दारात आडवी पडले नाही, जाऊ दिलं."

तो काही बोलणार तेवढ्यात त्याचा मोबाईल वाजला. त्याने तो कानाला लावला, पण माझ्या कानांना तेवढं अंतर पुरतं.

"साहेब, दुपारी माणसं आणतो जागा बघायला. म्हातारीला हलवलं ना तुम्ही? किल्ली कुणाकडे ठेवताय?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. हा माझी परीक्षा घ्यायला आला होता आणि निकाल घरून लावून आला होता! मी त्याचा हात सोडला. तो माझ्या तोंडाकडे बघत असणार.

"आणू नका माणसं," तो म्हणाला.

"का हो? तुम्हीच तर म्हणालात की..."

"मी म्हणालो, पण ते म्हणायचा हक्क माझा नव्हताच. घराच्या मालकीणबाई इथेच आहेत, त्यांच्याशी बोला." आणि त्याने मोबाईल माझ्या तळहातावर ठेवला.

"जागा द्यायची नाही," मी त्या जागांच्या एजंटला सांगितलं. "आज नाही आणि उद्याही नाही. म्हातारी हलत नाही."

मोबाईल परत दिला. राग गेला नव्हता, अजूनही पुरता गेलेला नाही. त्यालाही ते कळलं असावं, कारण बॅगा घेऊन तो दारात नुसताच उभा राहिला. आजवर तो माझ्याकडे कधी विचारून आला नव्हता, येतोय म्हणून कळवायचा.

"आई," तो म्हणाला, "पुढच्या महिन्यात आम्ही राहायला आलो तर तुला चालेल का?"

मी त्याला थोडा वेळ तसंच उभं ठेवलं.

"या," मी म्हटलं.