डेस्कटॉप कोण बदलतं

आमच्या घरातला कॉम्प्युटर माझ्या भावाने, फैझानने जोडला. त्यात लिनक्स त्यानेच टाकलं, आणि डेस्कटॉप, म्हणजे पडद्याचा सगळा थाट, तोही निवडला स्वतःच्या स्वभावासारखा: उड्या मारणारी चित्रं, चकचकीत खिडक्या, काम शून्य. घराभोवतीचे चार कॅमेरे कॉम्प्युटरलाच जोडलेले, म्हणून मशीन रात्रंदिवस चालू. मग अब्बांनी मासेमारीची लाँच विकली आणि त्यावरून दोघांची जुंपली. "परत या घरात पाय ठेवू नको," अब्बा म्हणाले. फैझान मस्कतला गेला तो गेलाच. वर्ष झालं, फोन नाही, नंबर बंद. मोहल्ल्यातल्या बायका अम्मीशी मयताच्या घरी बोलावं तशा आवाज उतरवून बोलायला लागल्या होत्या. मला त्यांचा संताप यायचा.

मी मिरजोळ्यातल्या एका कारखान्याचं ऑफिसचं काम घरून करते. फैझानच्या त्या थाटामाटापायी मशीन रांगायला लागलं, तेव्हा मी हलका, साधा डेस्कटॉप टाकला आणि तोच डिफॉल्ट केला, म्हणजे मशीन उघडलं की तोच यावा. राखाडी पडदा, खाली एक पट्टी, बस्स. सकाळी बघते तर फैझानचा डेस्कटॉप परत हजर.

माझंच काही चुकलं असेल म्हणून पुन्हा बदलला. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. माणसाने स्वतःला किती वेळा वेंधळं म्हणावं? अब्बांना माऊस धरता येत नाही, आणि अम्मी तर त्या टेबलाची धूळ पुसायलाही घाबरते. तिने निदान करून टाकलं.

"जिन शिरलाय गो त्यात," ती म्हणाली, आणि आयतुल कुर्सी पढून तिने सीपीयूवर फुंकर मारली. मी हसले. पण अंगावर काटा आला होता, हे खरं.

पुढच्या सकाळी नीट बघितलं. कॅमेऱ्यांच्या चार चौकटींपैकी तीन बंद होत्या. एकच पडदाभर मोठी करून ठेवलेली: मागची पडवी. तिथे चोरण्यासारखं काही नाही. संध्याकाळी अम्मी तिथे मासे साफ करायला बसते, एवढंच. मशीनचा पासवर्ड मला माहीत, आणि ज्याने ते परगावाहून उघडायची सोय करून ठेवली होती त्याला. माझ्या डेस्कटॉपवर त्याला ती चौकट सापडत नव्हती, म्हणून तो रोज रात्री आपला लावून घेत होता आणि दिवसाचं रेकॉर्डिंग बघत होता.

जिवंत होता मेला!

मी पडद्यावरच चिठ्ठी लिहून ठेवली: "फोन कर, गाढवा." सकाळी चिठ्ठी पुसलेली, फोन नाही. मग मी रोज संध्याकाळी मुद्दाम माझा डेस्कटॉप डिफॉल्ट करायला लागले. रोज सकाळी त्याचा असायचा. आमचं बोलणं ते एवढंच.

अम्मीला सांगितलं तेव्हा ती आधी पोटभर रडली, मग ठेवणीतली ओढणी घेऊन बांगडे साफ करायला बसली. "बघतोय ना गो माझा पोरगा?" असं विचारत एकेक बांगडा कॅमेऱ्याला दाखवायची. घरात आम्ही तिघंच, पण चौथं कोणी बघतंय असंच वागत होतो. पडवीत कोणी आवाज चढवत नव्हतं. अब्बा मात्र तिथून जाताना मान खाली घालायचे.

एका संध्याकाळी ते कॅमेऱ्याखाली थांबले. वर बघितलं.

"ये रे बाबा घरी," म्हणाले.

अम्मीच्या हातातली सुरी थांबली. कॅमेऱ्याला आवाज पोचत नाही, हे सांगायचा मला धीर झाला नाही.

सकाळी स्क्रीन लावली. राखाडी पडदा, खाली एक पट्टी. माझाच डेस्कटॉप. मी नेट बघितलं, वायर बघितली, कॅमेरे बघितले. सगळं चालू होतं. रात्री कोणी आलं नव्हतं, बाकी काही नाही.

पाठीमागे अब्बा उभे होते. या खोलीत ते कधी येत नाहीत. डोळ्यांवर चष्मा नव्हता, आणि चष्मा नसला की त्यांना सगळे पडदे सारखेच.

"बदलला काय गो त्याने?"

"थांबा, अजून उघडतोय," मी म्हटलं. त्यांच्याकडे पाठ करून मी फैझानचा डेस्कटॉप लावला आणि मागच्या पडवीची चौकट मोठी केली.

"बदललाय, अब्बा. बघितलंय त्याने तुम्हाला."

अब्बा तडक पडवीत गेले. कॅमेऱ्याखाली उभे राहिले, मान वर केली आणि हसले. मग त्यांनी हात हलवला. पडद्यावर त्यांच्याकडे बघणारी मी एकटीच होते.