वेणूताईचं प्रकरण

चौथी विनोदी कादंबरी बाहेर आली तेव्हा भगवान रोकड्यांच्या सगळ्या गोतावळ्यात एकच माणूस नाराज होतं, आणि ते म्हणजे त्यांची थोरली बहीण वेणूताई.

खरं तर नाराज व्हायची कारणं बाकीच्यांकडे होती. मेहुण्याचं घोरणं पहिल्या कादंबरीत आलं होतं, काकांची कवळी दुसरीत. साडूने गच्चीवर पाळलेल्या बदकांनी तर तिसरीत सलग दोन प्रकरणं खाल्ली होती. पण रागावलं कुणीच नव्हतं. अंबरनाथला भाचीच्या साखरपुड्यात मेहुणा नव्या पाहुण्यांना स्वतःहून सांगत होता, "ते घोरणारे ना, ते आम्हीच बरं का!"

त्याच गर्दीत वेणूताईने हातात ताट घेऊन भगवानरावांना गाठलं.

"चार पुस्तकं झाली, भगवान. माझ्यात हसण्यासारखं काहीच नाही का रे?"

भगवानरावांच्या घशात जिलेबी अडकली. "आहे की, ताई! पाचव्या पुस्तकात तूच आहेस," असं ते बोलून गेले.

आता पाचव्या पुस्तकाचा कागदावर एक शब्द नव्हता. भगवानराव मुलाखतींत सांगायचे की आपण पहाटे पाचला लिहायला बसतो. प्रत्यक्षात बदलापूरला, खरवईतल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये, ते साडेदहाच्या सुमारास जेवणाच्या टेबलाशी बसत. आधी चष्मा पुसत. मग भरलेलं पेन पुन्हा भरत. मग कालचं पान मोठ्याने वाचून स्वतःच हसत, आणि त्या श्रमाने थकून चहा मागत. पालिकेच्या दवाखान्यातली नोकरी संपवून नुकत्याच घरी बसलेल्या त्यांच्या पत्नी यशोधराबाई हे सगळं मटार सोलता सोलता बघत.

प्रभाव कुणाचा, असं विचारलं की भगवानराव परदेशी लेखकांची नावं घेत. पण त्यांचा हात घडला होता अंबरनाथच्या एमआयडीसीत. एका केमिकल कंपनीच्या सुरक्षा विभागात तीस वर्षं त्यांनी अपघाताचे अहवाल लिहिले, आणि साहेबांची अट एकच होती, चूक कुणाचीही दिसता कामा नये. त्यामुळे "शिडी आपल्या जागी नसल्याचे खाली आल्यावर कामगाराच्या लक्षात आले" अशी वाक्यं त्यांच्या पेनातून आपोआप उतरत. पुढे तीच त्यांची शैली म्हणून गाजली.

तर रविवारी स्कूटर काढून ते उल्हासनगरला गेले. कॅम्प चारमध्ये वेणूताईचं साडीला फॉल-पिको करून द्यायचं छोटं दुकान होतं. गिऱ्हाइकाला ठेवलेल्या स्टुलावर ते वही उघडून बसले. ताईने त्या दिवशी ठेवणीतली साडी नेसली होती.

"आलात? फार आनंद झाला," ताई म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिने धाकट्या भावाला अहो-जाहो केलं होतं. एक बाई घाईघाईने साडी मागायला आली, तर ताई तिला बातम्या दिल्यासारखं म्हणाली, "आपली साडी उद्या सायंकाळपर्यंत तयार होईल. तसदीबद्दल क्षमस्व."

शेजारच्या ब्लाउजपीसच्या दुकानातली हिमानीभाभी काळजीने डोकावली. भगवानरावांच्या कानाशी येऊन म्हणाली, "दीदी की तबियत ठीक है ना? सुबह से किसी पे चिल्लाई नहीं."

दोन रविवार असेच गेले. तिसऱ्या रविवारी भगवानरावांनी कसंबसं जुळवलेलं प्रकरण ताईला वाचून दाखवलं. वाचताना ते स्वतः दोनदा हसले. ताई हसली नाही.

"बाई चांगली आहे," शेवटी ती म्हणाली. "गरीब आहे बिचारी. पण यात मी कुठे आहे?"

घरी आल्यावर भगवानराव जेवले नाहीत. यशोधराबाई त्यांच्यापुढचं ताट उचलत म्हणाल्या, "अहो, तुम्ही ताईंना घाबरता. घाबरलेला माणूस सत्कार करतो, विनोद नाही करत."

हे काही भगवानरावांना आवडलं नाही, पण रात्रभर पटत राहिलं.

चौथ्या रविवारी ते वही न घेताच गेले. लग्नसराई होती. ताई साड्यांच्या ढिगात बुडालेली, केसांत दोरे, आणि गिऱ्हाइकांवर आवाज चढलेला. ठेवणीतली साडी नव्हती, अहो-जाहो नव्हतं.

"ताई, मला जमत नाही तुझ्यावर लिहायला," भगवानरावांनी सांगून टाकलं.

"जमेल कसं?" मशीन न थांबवता ताई म्हणाली. "तुला पहिल्यापासून आयतं लागतं."

"आयतं?"

"ते सव्वीस जानेवारीचं भाषण सांगतोस ना मुलाखतींत? नऊ वर्षांचा असताना उत्स्फूर्तपणे सगळं मैदान हसवलंस म्हणून?" तिने मशीन थांबवलं. "भाभी, तूही ऐक. याचं भाषण मी लिहून दिलं होतं. याला सूचना हव्यात म्हणून बाजूला पेन्सिलीने लिहिलं, इथे थांब, हात वर कर, असं. या पठ्ठ्याने सगळंच पाठ केलं! आणि स्टेजवर उभा राहून खणखणीत आवाजात काय म्हणतो, 'बंधूंनो आणि भगिनींनो, इथे थांब. आपला देश महान आहे, उजवा हात वर कर. आपल्या वीरांनी रक्त सांडले, नाक ओढू नको.'"

हिमानीभाभीने भिंतीचा आधार घेतला. साडी न्यायला आलेल्या दोघी जणी पोट धरून खाली बसल्या.

"आणि शेवट काय माहितेय? 'जय हिंद! आता खाली ये, धडपडू नको.' आणि उतरताना धडपडलाच!"

दुकानात कुणाला कुणाचं ऐकू येईना. भगवानरावही हसत होते, पण त्यांचे कान लाल झाले होते. पन्नास वर्षं त्यांना टाळ्या आठवत होत्या, पेन्सिल आठवत नव्हती.

"लोक हसत होते आणि मी स्टेजमागे रडत होते," ताई म्हणाली, आता जरा हळू. "भाषण वाया गेलं म्हणून. आणि तुला बक्षीस मिळालं."

"मग तेव्हा सांगितलं का नाहीस?"

"तू इतका खूश होतास रे."

भगवानराव हिमानीभाभीकडून कागद मागून घेऊन तिथेच स्टुलावर लिहायला बसले. चष्मा पुसायचंही त्यांच्या लक्षात राहिलं नाही. ताई एकीकडे पिको करत होती आणि मध्येच ओरडत होती, "वीरांच्या आधी नद्या होत्या. नद्या टाक!"

संध्याकाळी त्यांनी ते वाचून दाखवलं. ताई दोनदा हसली. एका जागी तिने हात वर केला.

"इथे तू हसवायला बघतोयस. पुढे चल."

भगवानरावांनी ती ओळ निमूटपणे खोडली.

"आणि हे नाव कुणाचं घातलंस?"

"नावं बदलावी लागतात, ताई. मी सगळ्यांचीच बदलतो."

"माझं नको बदलू. वेणूच ठेव. दुकानाचा पत्ता पण घाल. आणि बुधवारी बंद असतं, तेही लिही. नाहीतर लोक येऊन परत जातील."

"कादंबरीत?"

"वाचणारे पुष्कळ आहेत म्हणतोस ना?"

भगवानरावांनी तेही लिहिलं. महिन्याभराने पुण्याहून प्रकाशकाकडच्या संपादकबाईंचा फोन आला. प्रकरण त्यांना फार आवडलं होतं, फक्त एक शंका होती. "ते शेवटी 'बुधवारी बंद' आहे ना सर, ते एखाद्या खोल एकटेपणाचं प्रतीक आहे का?"

"नाही हो," भगवानराव म्हणाले. "बुधवारी खरंच बंद असतं."